उपासनाने दिलेलं पाकीट

कांचन मेश्राम बाळांना न्हाऊ घालते. एडिसनमध्ये किंवा आसपास एखाद्या मराठी घरात बाळ व्हायचं असलं, की आई हॉस्पिटलात जायच्या आधीच कुणीतरी कांचनला फोन करून ठेवतं. ती येते ती स्वतःचा प्लास्टिकचा पाट पिशवीत घालूनच. आल्या आल्या हीटर वाढवायला सांगते, बांगड्या काढून ठेवते, पाय लांब करून बसते आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालते. डॉक्टरांनी काय काय करू नका म्हटलंय, ते एखादी आई फोनवरून वाचून दाखवू लागली, तर म्हणते, "वाच, वाच. मी ऐकतेय. तोवर ह्याची पाठ होते."

ती मूळची उमरेडची. नवरा तिथल्या कोळसा खाणीत होता. तो गेल्यावर मुलाने, ईश्वरने, तिला इकडे आणलं. नातवंडं मोठी झाली, तिला नागरिकत्व मिळालं, आणि मग ईश्वरची नोकरी गेली. नवी नोकरी दूर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला लागली, तीही आधीपेक्षा कमी पगाराची. कांचन त्यांच्याबरोबर गेली नाही. कित्येक वर्षं यादीत नाव असलेली ज्येष्ठांच्या इमारतीतली एक खोली तिला नुकतीच मिळाली होती. त्या खोलीचं भाडं, साखरेच्या आजाराची औषधं, किराणा, हे सगळं सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या मदतीवर चालतं. दुसरं तिच्यापाशी काही नाही.

आमची ओळख बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात झाली. भोजनदानाला आम्ही दोघी शेजारी शेजारी वाढायला उभ्या होतो आणि तिने माझ्या हातातली पळी काढून घेतली. "ताई, तुम्ही असं मोजून वाढलं तर मागचे उपाशी जातील." तेव्हापासून ती मला ताई म्हणते.

मार्चमध्ये ती अचानक माझ्या मुलीच्या घरी आली. मी इथेच राहते. चहासुद्धा नको म्हणाली, तेव्हाच मला शंका आली.

"ताई, माझी मदत बंद होते वाटते."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण खालच्या मजल्यावरच्या एका बाईची झाली. तिने कुणाचे तरी पडदे पैसे घेऊन शिवून दिले आणि कचेरीत सांगितलं नाही. मी तर उपासनाकडून पाकीट घेतलंय."

उपासना म्हणजे नागपूरची मुलगी. ती आणि तिचा नवरा अनुप, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तिच्या नैनाला कांचनने सव्वा महिना रोज जाऊन न्हाऊ घातलं होतं. याआधी कांचनला साडी आणि फळं मिळायची, फार तर दहा-वीस डॉलर. उपासनाने शेवटच्या दिवशी साडीवर पाकीट ठेवलं. त्यात तीनशे एक डॉलर निघाले.

मी उपासनाला फोन लावला. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं.

"काकू, ते गिफ्ट होतं! मावशी घरच्यासारख्या आहेत. सॅलरी असती तर वर एक डॉलर कुणी ठेवतं का? गिफ्ट सांगा, मॅटर क्लोज."

मला ते पटलं. आपल्याकडे मावशीला मजुरी देत नाहीत, आणि दिली तर ती मावशी राहत नाही. कांचनलाही पटल्यासारखं दिसलं. आम्ही ठरवलं, भेट म्हणून सांगायचं. सांगायचं तर होतंच, त्यात आम्हा दोघींपैकी कुणालाच शंका नव्हती. फक्त काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो सुटला असं मला वाटलं.

मदतीच्या कचेरीत दुभाष्याची सोय फोनवर होती, पण कांचन म्हणाली, ताईच बोलतील. माझं इंग्रजी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांच्या हाताखालचं आहे. मला वाटलं, एवढं साधं वाक्य तर मी सहज सांगेन.

खिडकीपलीकडे एक शांत, सावकाश बोलणारी बाई होती.

"हे पैसे कसले?"

"भेट," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"यांनी त्यांच्या बाळाला रोज न्हाऊ घातलं, त्याबद्दल."

"म्हणजे कामाचे."

"नाही, मावशी म्हणून दिले."

"या त्यांच्या मावशी आहेत?"

"नाही. आमच्यात सगळ्यांनाच मावशी म्हणतात."

"आणि सगळ्यांना पैसे देतात?"

"नाही," मी म्हटलं.

तिने पेन खाली ठेवलं. ती रागावली नव्हती, पण तिला काहीच उमगत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही उमगेनासं झालं. माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक उत्तर खरं होतं आणि सगळी एकत्र ठेवली की खोटं वाटत होतं.

मग तिने वेगळ्या तऱ्हेने विचारलं. यांनी ते केलं नसतं, तरी त्या कुटुंबाने पैसे दिले असते का?

मी ते मराठीत कांचनला सांगितलं. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"नसते दिले," ती म्हणाली. "कशाला देतील?"

"अगं, पण उपासना म्हणते..."

"उपासना चांगली आहे, ताई. पण माझ्या आईने गावातली सगळी बाळंतपणं केली. कुणी लुगडं द्यायचं, कुणी पायलीभर ज्वारी. खुशीने देतो म्हणायचे. ज्याला खुशी नाही झाली, त्याच्याकडून काहीच नाही. मुलगी झाली की कुणालाच खुशी व्हायची नाही. सांगा या बाईला, मी काम केलं. कामाचे पैसे आहेत."

लुगडं, ज्वारी हे त्या खिडकीतून पलीकडे जाणार नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "त्या म्हणतात, काम होतं."

"थांबा, ताई," कांचनने माझा हात धरला. "उपासनाला वाईट वाटेल. असं सांगा, काम, पण प्रेमाने दिलेले."

मी तेही सांगितलं. ती बाई पहिल्यांदाच हसली. म्हणाली, असं लिहायला जागा नाही.

मग तिने हिशेब समजावला, आणि माझा राहिलासाहिला ताळमेळही गेला. भेट असती, तर मदतीतून जवळजवळ तेवढीच रक्कम कापली गेली असती. काम असेल, तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. औषधांचं सरकारी कार्ड दोन्ही बाबतीत राहणार. फक्त पैसे देणाऱ्याकडून दोन ओळी हव्यात, की अमुक कामाचे अमुक दिले. त्या आल्या नाहीत, तर प्रकरण पुढे सरकणार नाही, आणि तोवर मदतीचं काय, ते ती सांगू शकत नव्हती.

मी तिला पुन्हा विचारलं, चुकून उलटं तर नाही ना सांगितलं? आम्हाला लहानपणापासून वाटत आलं की भेट कुणी हिरावून घेत नाही. ती म्हणाली, उलटं नाही.

बाहेर आल्यावर कांचनने विचारलं, "म्हणजे मी खरं बोलले म्हणून कमी कापणार?"

"तसं नाही."

"मग कसं?"



त्या शनिवारी आम्ही सीनियर सेंटरच्या बसने उपासनाकडे गेलो. तिने ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, हे कसं लिहून देऊ? आम्ही एम्प्लॉयर नाही हो. अनुपच्या ग्रीन कार्डचे पेपर्स आत्ताच गेलेत. उद्या कोणी विचारलं, घरी कामाला बाई ठेवली होती का, तर?"

"विचारलं तर हो म्हण," मी म्हटलं. पण असं म्हणून चालतं की नाही, ते मला कुठे ठाऊक होतं?

उपासना कांचनकडे वळली. "आणि मावशी, तुम्ही पण! मी तुम्हाला कधी कामवाली समजले का? तुम्ही मला एकदम मालकीण करून टाकलंत."

"मग हो ना मालकीण," कांचन म्हणाली. "बिघडलं काय? मी आलेय तेव्हापासून चहा विचारला नाहीस, तशीही मालकीणच दिसतेस."

उपासनाला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. "मला वाटलं होतं, तुम्हाला गिफ्ट आवडलं."

"आवडलं. साडी तर फारच आवडली. पण तू लिहिलं नाहीस तर माझी खोली जाईल, बाई. मी ईश्वरकडे जाऊन झोपू कुठे? त्याच्या पोरांचे पाय आत्ताच बेडबाहेर येतात."

नैना पाळण्यात कुरकुरू लागली. कांचनने तिला उचललं, मांडीवर आडवं घेतलं, आणि शेजारच्या वाटीतलं तेल बोटांना लावून तिचे तळवे चोळू लागली. उपासना दुसऱ्या खोलीत गेली. फोनवर अनुपशी बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मग प्रिंटरचा आवाज आला.

तिने कागद माझ्या हातात दिला. 'कांचन मेश्राम यांनी आमच्या मुलीची मालीश आणि आंघोळ केली, त्या कामाचे तीनशे एक डॉलर दिले.' इंग्रजी स्वच्छ होतं, खाली सही.

"अनुप म्हणाला, खरं ते लिही," ती म्हणाली. मग कांचनला, जरा अवघडून, "मावशी, माझी मैत्रीण आहे, हर्षिता. तिची डेट मे महिन्यात आहे. तिला... रेट काय सांगू?"

कांचन गोंधळली. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तिला सांग, मावशी विचार करून सांगते," ती शेवटी म्हणाली.

उपासनाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण-भात, पाटवडी, आणि कांचनला निघताना डब्यात पुन्हा पाटवडी. बसची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो, तेव्हा कांचनने डबा मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"ताई, मी आत्ता पोरीचे पाय चोळले."

"हो."

"ते काम झालं का?"

"नाही गं. ती रडत होती म्हणून तू घेतलंस."

"मग हे जेवण आणि डबा? ते कशाचे? सांगावं लागेल का?"

मी विचार केला. खिडकीतल्या बाईचा प्रश्न मनात लावून पाहिला. तिने पाय चोळले नसते, तरी उपासनाने जेवू घातलं असतं का? घातलंच असतं. पण मग मला वाटलं, आपण आज गेलो होतो ते कशासाठी? त्या कामाचाच कागद आणायला.

"मला माहीत नाही, कांचन," मी म्हटलं. "सोमवारी फोन करून विचारू."

"बरं," ती म्हणाली, आणि डबा उघडून एक पाटवडी माझ्यापुढे धरली.