केबलसाहेब

आमच्या केबलसाहेबांनी आयुष्यात एकही चूक केली नाही. जे बिघडलं ते केबलनं बिघडवलं. सेनगावच्या आमच्या कॉलेजात ते हिंगोलीहून मोटारसायकलवर यायचे. मी तिथं संगणक प्रयोगशाळेत सहायक होते, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा.

त्यांच्या ताब्यात कॉलेजचा फायरवॉल होता, म्हणजे इंटरनेटवरून नको ते आत येऊ न देणारा डबा. बाकी रस्ते बंद झाले तर त्या डब्यात शिरायला लॅपटॉपला एक खास केबल लावावी लागते, आणि लॅपटॉपला ती ओळखता यावी म्हणून आधी ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम टाकावा लागतो. साहेबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये तो कुणीतरी टाकून दिला होता. नवा लॅपटॉप आला आणि अकलेचं दिवाळं निघालं. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर सगळं लिहिलेलं होतं, पण "कागद वाचून काम करतो तो कारकून," असं साहेबांचं म्हणणं. लॅपटॉपनं केबल ओळखली नाही की ती कपाटात फेकायची आणि नवी मागवायची. धडधाकट केबलींनी ते कपाट भरत चाललं होतं.

मी एकदा ड्रायव्हरचं नाव काढलं, तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुमी हजेरी बघा. मशीन आमी बघतो." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

मग नर्सिंगच्या अर्जांचा शेवटचा दिवस आला. सकाळीच साहेबांनी फायरवॉलमध्ये काहीतरी फिरवलं आणि सगळ्या कॉलेजचं इंटरनेट बंद पाडलं. एका मुलीचा अर्ज कॉलेजच्याच इंटरनेटवरून पाचच्या आत मंजूर व्हायचा होता. मेंढरं भावकीत सोपवून तिचे वडील तिच्यासोबत जीपनं आले होते.

"काहून व्हत न्हाई, मॅडम?" ती मला सारखी विचारायची. वडील तिला गप्प करायचे, "साहेब करून राहिले ना. करू दे त्यांना."

आता डब्यात शिरायला केबलीशिवाय रस्ता नव्हता, आणि साहेब एकामागून एक केबल बदलत होते. ड्रायव्हर माझ्या पेनड्राइव्हमध्ये होता आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये. दोन मिनिटांचं काम. पण या माणसानं एकदा तरी सगळ्यांसमोर मला विचारावं, अशी माझी इच्छा होती. त्यांनी विचारलं नाही. पाच वाजून गेले.

"केबलच खराब निघाली," साहेब वडिलांना म्हणाले. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. वडिलांनी साहेबांना हात जोडले, मग माझ्याकडे वळले. "तुमाला बी लई तकलीफ झाली, मॅडम. दिसभर आमच्यासाठी थांबल्या."

पुढं साहेब मोठ्या पगारावर नांदेडला गेले. त्यांच्या निरोपाला मी गेले नाही. असल्या माणसाला कसला हार घालायचा? त्यांची कीव मला कधी आली नाही, आणि आता स्वतःचीही येत नाही. त्यांना ते काम येत नव्हतं. मला येत होतं.