ऐंशीच्या वेगाची मसल कार

अख्ख्या आखातात माझ्या साडूंइतका सावध माणूस सापडणार नाही, आणि इतक्या सावध माणसाने इतक्या बेफाम वस्तूवर जीव लावल्याचं दुसरं उदाहरणही सापडणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शारजाला अल नहदात राहायचे आणि एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. नोकरी संध्याकाळी संपायची, पण त्यांच्यातला सेफ्टी ऑफिसर कधी घरी जायचा नाही. त्यांच्याकडे जेवायला गेलं की पानं वाढण्याआधी पाहुण्यांना, आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरायचं ते दाखवलं जाई. एकदा बर दुबईला खाडी ओलांडायला आम्ही अब्रात बसलो. हे लाकडी मचवे पाच-सात मिनिटांत पलीकडे पोचतात. साडूंनी नावाड्याला विचारलं, "भाई, लाइफ जॅकेट कितने हैं?" नावाड्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढ्याशा भाड्यात हा माणूस आणखी काय काय मागणार आहे कोण जाणे. स्वतःची छोटी जपानी गाडी ते सगळ्यात उजव्या, संथ लेनमधून ऐंशीने चालवत. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकत. "त्यांना घाई आहे, त्यांनी जावं," असं म्हणून साडू दोन्ही हातांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरत.

आणि ह्याच गृहस्थांची एक मसल कार अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका गॅरेजमध्ये विटांवर उभी होती. मसल कार म्हणजे साठच्या दशकातली अमेरिकन दोन दारी गाडी: अंग बेताचं आणि पोटात नको इतकं मोठं इंजिन. अबू धाबीत बदलीवर असताना त्यांनी ती भंगारात पडायच्या बेतात असताना उचलली होती. बदली संपली, साडू शारजाला परतले, गाडी तिथेच राहिली. मग दर शनिवारी सकाळी ते एवढं अंतर ऐंशीने कापून आमच्या अबू धाबीच्या घरी पोह्यांना हजर होत आणि तिथून मला घेऊन मुसफ्फाला जात. गॅरेजमध्ये शिरताना डोक्यावर हेल्मेट आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. मलाही ते घालायला लावत. गॅरेजचे मालक खानसाहेब, पेशावरकडचे, आयुष्यभर उघड्या डोक्याने गाड्यांखाली झोपलेले. आम्हाला पाहिलं की ते हाताखालच्या माणसांना म्हणत, "चलो, इन्स्पेक्शन आ गया!"

त्या गाडीत एवढं काय आहे, असं चुकून विचारलं की पोहे गार झालेच म्हणून समजा. "हे बघा," साडू चमचा खाली ठेवत, "अमेरिकेत युद्धानंतर जन्मलेली पोरं कमावती झाली. पेट्रोल पाण्याच्या भावात. कंपन्यांनी बापाच्या गाडीत राक्षसाचं इंजिन बसवलं आणि पोरांना विकलं. सिनेमावाल्यांनी ती पडद्यावर पळवली. पुढे ह्याच आखाताने तेल रोखलं आणि तिची सद्दी संपली. आज बघा, ह्याच आखातातले शौकीन तिला एसी गॅरेजात जपतात! पण हे सगळं सोडा. सांगलीत आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दत्त आणि लक्ष्मीच्या तसबिरींच्या मधोमध तिचं कॅलेंडर होतं. ते लावणाऱ्याकडे सायकलसुद्धा भावाची होती. त्याला ना ती अमेरिका ठाऊक, ना ते इंजिन. गाडी घेणाऱ्यांनी तिला मोठं नाही केलं. जे कधीच घेऊ शकणार नव्हते, त्यांनी केलं!" हे बोलताना त्यांचे डोळे खरोखर भरून येत. माझी मुलगी एकदा शांतपणे म्हणाली, "बट काका, इट डझंट इव्हन हॅव अ स्क्रीन." साडूंनी चमचा उचलला आणि उरलेले पोहे संपवले.

ह्या भक्तीत ताई, म्हणजे माझी मेहुणी, कुठेच नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. आठवडाभर माणूस साइटवर आणि हक्काचा शनिवार त्या गाडीला, मग मी कुठे? तिने गाडी कधी पाहिली नाही, पाहायला आली नाही. "ती आपल्या पायांनी माझ्या दारात येऊ दे," ती म्हणायची, "मग बसायचं की नाही ते बघेन." साडूंनी ह्या वाक्याचा राग धरला नाही. त्यांनी ती गोष्ट मनावर घेतली.

आणि मग कंपनीने त्यांना निवृत्त केलं. इकडे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की बॅगा भरायच्या. नव्या वर्षाच्या आत सांगलीला परतायचं ठरलं. गाडी बरोबर नेणं अशक्यच होतं, कारण तिचं स्टिअरिंग डावीकडे; आपल्याकडे ती रस्त्यावर आणू देत नाहीत. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, आहे तशी विकून टाका. मीही दिला. साडू म्हणाले, "विकणार तर आहेच. पण आधी ती मुसफ्फाहून अल नहदाला जाईल. स्वतःच्या चाकांवर, मी चालवत, आणि शेजारी ही बसलेली असेल. त्याशिवाय मी हा देश सोडत नाही." ज्या माणसाने जन्मात कधी पिवळा दिवा ओलांडला नाही, तो इमिग्रेशनलाच आव्हान देत होता.

मग त्यांनी खानसाहेबांचा पिच्छाच पुरवला. "इन्शाल्ला, हो जाएगा," खानसाहेब म्हणायचे. "इन्शाल्ला ठीक है, तारीख बोलो," साडू म्हणायचे. ब्रेक त्यांनी नवे घातले, मागच्या सीटलासुद्धा पट्टे बसवले, डिकीत आग विझवायचं नळकांडं ठेवलं. ज्या गाडीने अमेरिकेतल्या पोरांना बिघडवलं, तिला साडूंनी पार वळणावर आणलं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी तिला पांढरा रंग लागला. फोन करून ते ताईला एवढंच म्हणाले, "अगं, परवा दसरा आहे. गाडीची पूजा घरातल्या बाईने करायची असते. पुढचा दसरा सांगलीत, तेव्हा ही नसेल."

ताई आली. नऊवारी नव्हे पण भरजरी नेसून, हातात तबक घेऊन, मुसफ्फाच्या त्या तेलकट फरशीवर उभी राहिली. साडूंनी तिलाही हेल्मेट दिलं, तिने ते परत केलं. तिने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला. मग तेलात कालवलेल्या कुंकवात पाचही बोटं बुडवून तिने बॉनेटच्या टोकापासून काचेपर्यंत ठसठशीत ओढली. आमच्याकडे गाडीला अशीच बोटं ओढतात. आत चहा सांगायला गेलेले खानसाहेब बाहेर आले आणि डोकं धरून ओरडले, "भाभीजी, ये क्या किया! पेंट अभी कच्चा है!" फडकं फिरवलं तर कुंकू निघेना. ओल्या रंगात ते मुरलं होतं. ताईचा चेहरा रडवेला झाला. "पहिल्यांदा आले आणि तुमच्या गाडीची वाट लावली," ती म्हणाली. साडू फक्त म्हणाले, "यल्ला, चहा घ्या."

पुढच्या आठवड्यात पासिंग होतं. म्हणजे सरकारी तपासणी. ती झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. सगळं पास झालं. ब्रेकवर तर तपासणाऱ्या अरबी अधिकाऱ्याने मान डोलावली. मग त्याने मुल्किया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन कार्ड, हातात घेतलं आणि बॉनेटकडे बघितलं. "हबीबी, इधर लिखा है सफेद. ये लाल लाइन भी है. कलर सेम नहीं. खलास, फेल." खानसाहेब म्हणाले, बॉनेट घासून नवा रंग देतो, आठवड्याचं काम. मीही म्हणालो, आठवडाभराचाच तर प्रश्न आहे. साडूंनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्या गाडीसाठी मी बायकोचे सगळे शनिवार घेतले. तिने हिला एकदाच हात लावला. तो मी घासून काढू? गाडी नाही बदलायची, कार्ड बदलायचं."

आणि त्यांनी ते बदललं. त्यासाठी ते ह्या खिडकीतून त्या खिडकीत, परवानगीमागून परवानगी घेत फिरले. एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "अंकल, ये लाल किसलिए?" साडू म्हणाले, "वाइफ ने किया है." तो हसला आणि त्याने शिक्का मारला. नव्या मुल्कियावर आलं: पांढरा आणि लाल. साडू मला म्हणाले, "आता सरकारनेच मान्य केलंय."

ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी मी माझ्या गाडीतून मागे होतो. इंजिन सुरू झालं तशी शेजारच्या गॅरेजांतली माणसं पाने खाली ठेवून बाहेर आली. साडूंनी आरसे तपासले, ताईचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि सगळ्यात उजव्या लेनमधून ऐंशीने निघाले. चारशे घोड्यांची ती गाडी भाजीच्या टेंपोमागे शिस्तीत चालली होती. पण शेजारून जाणारा प्रत्येक जण वेग कमी करत होता. बसमधले कामगार खिडकीतून मोबाइल बाहेर काढत होते, लँडक्रूझरमधली मुलं अंगठे दाखवत होती. दोन-चार जणांनी तर लाल पट्ट्यांकडे बोट दाखवून वा म्हटलं. सुरुवातीला ताई समोर बघत ताठ बसली होती. दुबई मागे पडेस्तोवर ती खिडकीची काच खाली करून सगळ्यांना हात करत होती.

गाडी बिल्डिंगखाली मोजके दिवस राहिली. रोज संध्याकाळी दोघं तीत बसून अल नहदाची एक फेरी मारायची. मग अल ऐनचा एक अरबी शौकीन आला, त्याने ती प्रेमाने पारखली, लाल पट्टे तसेच ठेवायचं आपण होऊन कबूल केलं आणि ती घेऊन गेला. आम्ही फुटपाथवर उभे होतो. तिचा आवाज कोपऱ्यापलीकडून बराच वेळ येत राहिला, मग ट्रॅफिकमध्ये मिसळून गेला. साडू डोळे पुसतील असं मला वाटलं होतं. रडली ती ताई.

"अहो," ती त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "फार उशिरा बसले हो मी."

साडू तिचा हात धरून तसेच उभे राहिले.