सासूबाईंचे हरवलेले दात

सासूबाईंची कवळी नाहीशी झाली आणि घरात चोर ठरले मी.

त्यांना विसरायचा आजार जडून काही वर्षं झाली होती. कवळी त्यांनीच कुठेतरी लपवली असणार, हे मला कळत होतं. पण तांदळाच्या डब्यापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सगळीकडे शोधूनही ती मिळाली नाही. शेजारीण आली की सासूबाई आवाज खाली करून सांगायच्या, "माझे दात हिणाच घेतल्यान." हळूहळू मला वाटायला लागलं, शेजारीणही माझ्याकडे तशाच नजरेने बघते आहे.

नव्या कवळीचं माप घ्यायला आधीच्या डॉक्टरांनी लगदा भरलेला साचा तोंडात घातला, तेव्हा त्या गुदमरल्या आणि त्यांनी तो ओढून फेकला. म्हणून कुणकेश्वरहून कणकवलीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"लगदा नको," त्या म्हणाल्या. "या छोट्या कॅमेऱ्याने हिरड्यांचं चित्र घेऊ. त्यावरून मशीन कवळी तयार करेल. चित्र कॉम्प्युटरमध्ये राहील, म्हणजे पुन्हा हरवली तर आजींना आणायला नको."

मला ते सगळं गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासारखं वाटलं. सासूबाईंनी तर ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आधी हिच्या तोंडात घाल."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. माझे दात एकेक करून पडद्यावर उमटू लागले. सासूबाई पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. वरची ओळ बघितली, खालची बघितली. त्या आपले दात शोधत होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"हे माझे न्हय," त्या शेवटी म्हणाल्या. "हिचेच आसत."

मग स्वतःहून खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी कॅमेऱ्याचं टोक बदललं. सासूबाईंनी हात वर केला की त्या थांबायच्या.

कवळी छान बसली. सासूबाई पुन्हा तळलेला बांगडा खाऊ लागल्या. पण थोड्याच महिन्यांत तीही गेली. मी फोन केला, आणि त्याच चित्रावरून दुसरी तयार होऊन आली. डॉक्टरीणबाईंबद्दलचा माझा संशय तिथे फिटला. सासूबाईंचा आता मासेवालीवर आहे. ती पाटी घेऊन अंगणात आली की त्या तोंडावर पदर धरून बसतात.