पंचवीस फुटांची तयारी

दर सहा महिन्यांनी मला पंचवीस फूट चालून दाखवावं लागतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर दोन पट्ट्या चिकटवल्या आहेत. एकीपासून दुसरीपर्यंत जमेल तेवढ्या वेगानं जायचं आणि नर्सनं सेकंद मोजायचे. मग नऊ भोकांच्या पाटीत नऊ खुंट्या बसवायच्या आणि काढायच्या, आधी उजव्या हातानं, नंतर डाव्या. शेवटी डॉक्टरांचे प्रश्न. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची स्वतःचीच फौज मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं वेष्टण कुरतडत बसते. मला होऊन आठ वर्षं झाली. आता त्याचं कौतुक उरलेलं नाही.

पुण्याहून सिंगापूरला मी आले ती सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. डेमोच्या दिवशी प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी काय काय करतात ते मला पाठ आहे. सोयीचा डेटा भरतात, आणि जे बटण दाबलं की घोटाळा होतो त्याच्या आसपाससुद्धा फिरकत नाहीत. अशांची मी भर मीटिंगमध्ये बिनपाण्यानं केलेली आहे. 'तुमच्या मशीनवर चालतं हो, लोकांच्या मशीनवर काय होतं ते दाखवा,' हे माझं ठरलेलं वाक्य.

आणि घरी मी काय करत होते, तर तपासणीच्या आधी दोन दिवस पाय राखून ठेवायचे. कपडे वाळत घालायचे नाहीत, बाजारात जायचं नाही, ऑफिसचं काम घरून. तपासणीची वेळ मागून घ्यायची ती सकाळची पहिली, कारण ऊन चढलं की माझे पाय माझं ऐकत नाहीत. टॅक्सी थेट हॉस्पिटलच्या दारात. मानेभोवती फ्रीजरमध्ये ठेवलेला पट्टा, तो नर्स दिसायच्या आत पर्समध्ये. सेंगकांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, आमच्या दारापासून शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडपर्यंत बरोबर पंचवीस फूट भरतात. त्या दोन दिवसांच्या आधी तिथं मी आठवडाभर सराव करायचे. शेजारच्या चिनी आजी दार उघडून अंगठा दाखवायच्या. त्यांना वाटायचं, बाई वजन कमी करतेय.

प्रश्नांचीही तयारी होती. मध्ये पडलात का? न थांबता किती चालता येतं? या दुसऱ्या उत्तरावरून आजाराची पायरी ठरते, हे मी इंटरनेटवर शोधून काढलं होतं. अर्धा किलोमीटर ही एक सीमा आहे. त्याच्या आत आलात की पायरी बदलली. त्यामुळे माझं उत्तर कायम 'अर्धा किलोमीटर, आरामात.' चौथीच्या स्कॉलरशिपपासून आम्हाला हेच तर शिकवलं, की पेपर तपासणाऱ्याला काय हवंय ते ओळखा आणि तेवढंच लिहा. चौथी आणि सातवी, मी दोन्ही वर्षी यादीत होते.

खरी परिस्थिती अशी होती, की ब्लॉकच्या लिफ्टपासून एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत जाताना मला मध्ये बाकावर बसावं लागायचं. फोनवर बोलायचंय असं दाखवून मी बसायचे. वर्षभरात तीनदा पडले होते. एकदा भाजी-मासळीच्या बाजारात, ओल्या फरशीवर, मासळीच्या गाळ्यासमोर, एकदा बाथरूममध्ये. तिसऱ्यांदा रस्ता ओलांडताना सिग्नल बदलायच्या बेतात असताना, आणि तेव्हा मुलगी बरोबर होती. ती पंधरा वर्षांची. तिनं मला काखेत हात घालून उठवलं. मी म्हटलं, 'चप्पल सरकली.' पायात बूट होते.

पहिल्या दोन वेळांचं नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणाला, "अगं, सांगून टाक ना डॉक्टरांना."

"अरे, एमआरआय बघतात की ते. त्यात नवीन काही नाहीये."

हे खरंच होतं. एमआरआय तीन वर्षं जसाच्या तसा होता. पण पाय तसे नव्हते, आणि मला भीती वाटत होती. उतरलेली पायरी सहसा परत चढता येत नाही, असं मी वाचलं होतं. डॉक्टरांनी लिहिलं नाही तोवर ते झालंच नाही, असं मी धरून चालले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या वेळी सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नवरा पुण्याला गेलेला. मुलीला शाळेची सुट्टी होती, म्हणून ती बरोबर आली. टॅक्सीत मी मानेचा पट्टा नीट करत होते. ती बराच वेळ बघत होती.

"आई, धिस इज चीटिंग, लाह," ती इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली.

"गप्प बस. उकडतं म्हणून आहे तो."

टॅक्सीत एसी इतका होता की काचा धुरकटल्या होत्या.

पंचवीस फूट झोकात झाले. मागच्या वेळेइतकेच सेकंद. नर्स 'व्हेरी गुड' म्हणाली आणि मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. मग आत गेलो. डॉक्टर साठीचे आहेत, हळू बोलतात, सगळं इंग्रजीत. त्यांनी विचारलं, मध्ये पडलात का?

"नाही."

"थ्री टाइम्स," मुलगी म्हणाली. माझ्याकडे न बघता. मग तिनं सगळं सांगितलं. बाजार, बाथरूम, सिग्नल, बाक, पट्टा, चपलांचा स्टँडसुद्धा. पहिल्या दोन वेळांचं तिला माहीत नसेल असं मला वाटलं होतं. तिला सगळं माहीत होतं. मला तिचा इतका राग आला की कान तापले. घरी गेल्यावर काय बोलायचं त्याची वाक्यंही जुळवायला लागले.

डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर मागच्या तपासण्या एकेक करून उघडल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. प्रत्येक वेळी तेच: पडणे नाही, पाचशे मीटर, स्थिर. ते म्हणाले, "तुमचं औषध मी बदललं नाही, कारण तुम्ही बऱ्या होतात."

मी विचारलं, आधी बदललं असतं तर?

"ते आता मलाही सांगता येणार नाही."

मी कितीतरी लोकांना या प्रसंगात बघितलं आहे. पितळ उघडं पडल्यावर माणूस आधी टेबलाकडे बघतो. मीही टेबलाकडे बघितलं. राग कुठे गेला कळलं नाही, फक्त खूप वाईट वाटलं, आणि रडू आलं नाही. त्यांनी नवीन औषधाचं सांगितलं, आधी करायच्या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहिली. मग प्रश्न पुन्हा विचारायला सुरुवात केली.

न थांबता किती चालता येतं?

"दीडशे मीटर," मी म्हटलं. "चांगल्या दिवशी दोनशे."

कीबोर्डवर बोटं ठेवून डॉक्टर थांबले आणि माझ्या मुलीकडे बघायला लागले. तिनं होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी लिहिलं.