गिळलेला कंट्रोल

आमचा दादा सव्वीस वर्षं छापखान्यात टायपिंग करतोय. गेल्या साली अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात लुळा पडला. बोलणं, डोकं सगळं शाबूत. पण जोडीने दाबायच्या बटणांनी त्याला रडकुंडीला आणलं. शिफ्ट धरून ठेवायचं आणि अक्षर दाबायचं, एका हाताने जमणार कसं? मालक म्हणाले, "बुधवारी चार पानं टाइप करून दाखव, मग बघू." बघू म्हणे! सव्वीस वर्षं काय डोळे मिटून बसले होते?

मी त्याची धाकटी बहीण, सॉफ्टवेअरवाली. दादासाठी टायपिंगचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. कुठलंही बटण दाबलं की ते आधी माझ्या प्रोग्रामकडे यायचं. शिफ्ट किंवा कंट्रोल दाबून सोडलं तरी तो ते लक्षात ठेवणार आणि पुढच्या बटणाला जोडून देणार. घरी दादाने भराभर टाइप केलं. मी तर हवेतच होते.

बुधवारी छापखान्यातल्या मशीनवर मी तो प्रोग्राम चढवला आणि दादाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. दादाची जुनी सवय, दर ओळीनंतर कंट्रोल आणि एस दाबून मजकूर सेव्ह करायचा. तीन पानं झाली आणि वीज गेली. परत आली तेव्हा फाइल कोरी.

मी घाईघाईने प्रोग्राम उघडून बघितला. शिफ्ट मी शंभरदा तपासलं होतं, कंट्रोल एकदाही नाही. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं आपोआप सेव्ह होतं, मला कुठे आठवण राहणार! प्रोग्राम कंट्रोल अडवून बसत होता आणि मागून आलेला एसही गिळत होता.

मालक आले. मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "सेव्ह करायचं राहिलं माझ्याकडून."

"आजारपणानंतर पडतो विसर," मालक हळूच म्हणाले.

माझं डोकं सणकलं. दादाने टेबलाखालून मला पाय मारला. "संध्याकाळपर्यंत देतो," तो म्हणाला.

मालक गेल्यावर मी प्रोग्राममधल्या दोन ओळी दुरुस्त केल्या. दादाने चारही पानं पहिल्यापासून टाइप केली. पाच वाजता मालकांनी ती वाचली आणि "उद्यापासून ये" म्हणाले.

जिन्यात मी दादावर उखडले. "चूक माझी, आणि विसरभोळा तू? गप्प का बसवलंस मला?"

"माझं डोकं ठिकाणावर आहे, ते उद्या कामातून दिसेल त्यांना," कठडा धरून उतरत तो म्हणाला. "पण प्रोग्राम बिघडलाय म्हटलं असतं, तर त्यांनी तो मशीनवरून काढायला लावला असता. मग मी काय केलं असतं गं?"

मला जिन्यातच रडू फुटलं.