आशामावशीचा डावा हात

आशामावशीचा डावा हात तिच्या ताब्यात नव्हता. बावीस वर्षं कुमारशेठच्या ऑफिसात टायपिंग केलेलं, त्यामुळे ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा ढकलायला तो आपोआप सटकन जायचा. घरी पेपर वाचतानासुद्धा.

त्र्याण्णव साली कुमारशेठ म्हणाले, "आशाबाय, आता कॉम्प्युटर येनार. तुमी आनि आमचा भाचा दीपेश, दोगं क्लासला जा. परीक्षेत जो पुढं त्याची खुर्ची. दुसऱ्यानं कळंबोलीच्या गोदामात ट्रकांचे नंबर लिवायचे."

त्या गोदामातल्या लोखंडाच्या धुळीचं नाव काढलं तरी मावशीला शिंका येत.

दहावीच्या सुट्टीत मीही त्याच क्लासला होतो. चपला बाहेर काढून आम्ही एसीत कुडकुडत बसायचो आणि इंद्रजीत सर नाकातून शिकवायचे, "कीबोर्डला हार्ड मारू नका, तो सेन्सिटिव्ह आहेऽ." मावशीची पहिली ओळ संपली आणि मॉनिटरच्या कानाखाली एक बसली.

"मॅडम, ढकलू नका, कर्सर आपोआप खालच्या ओळीवर जातोऽ."

"जाऊ दे की. पण सर, ह्यात कार्बन कुठे घालायचा?"

दीपेश टेबलावर डोकं ठेवून हसला. सर म्हणाले, "सेव्ह केलं की फ्लॉपीवर कॉपी राहते. तोच कार्बन समजा."

आठवडाभर मॉनिटर मार खात होता. शेवटी सर वैतागले. "मॅडम, त्या हाताला काहीतरी जॉब द्या. ओळ संपली की सेव्ह करा."

मावशीने हे फारच मनावर घेतलं. घरी पोळपाटावर सराव चाले: ओळ, हात, सेव्ह. दीपेश तिला सेव्हबाय म्हणू लागला. त्याचा वेग तिच्यापेक्षा बराच जास्त होता.

परीक्षेला दोन पानी पत्र होतं. कुमारशेठ मोजे घालून मागे बसले. दीपेश शेवटच्या ओळीवर, मावशी अजून दीड पानावर, आणि लाइट गेली. क्लासचा बॅटरी बॅकअप फक्त जाहिरातीत होता.

अर्ध्या तासाने लाइट आली. मावशीचं दीड पान जसंच्या तसं निघालं. दीपेशचा पडदा कोरा.

"तुजं पत्र कुठं हाय रे?" कुमारशेठनी विचारलं.

"मामा, लाइट गेली ना."

"बायची काय रायली होती?"

सोमवारी दीपेश कळंबोलीला निघाला. मावशीने नव्या खुर्चीतून उठून त्याच्या हातात एक कोरा कार्बन पेपर ठेवला.

"नंबर लिहिताना खाली घालत जा हो."