म्हशीखाली बसलेली सून

माझा नवरा माझं लुगडं नेसून म्हशीखाली धार काढत बसला होता, आणि नणंदेला बघायला आलेले पाहुणे गोठ्याच्या दारात उभे होते.

मी कुडापलीकडं पोत्यावर बसून फटीतून सगळं बघत होते. मध्ये पडता येत नव्हतं, कारण मी बाहेर बसले होते. आमच्या भरे गावात तेव्हा पाळी आलेल्या बाईनं कशाला हात लावायचा नाही, मग घर पेटलेलं का असेना.

घोळ सकाळीच सुरू झाला. माझी नणंद कमल हिला आधी एका ठिकाणाहून नकार आलेला. तो तिनं लई मनाला लावून घेतला होता. म्हणून या पाहुण्यांना काही कमी पडू द्यायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवलेलं. "आमच्याकडं दुधाला तोटा न्हाई," हे त्यांनी गावभर सांगून झालं होतं. तोटा खरंच नव्हता. पण म्हैस माझ्या माहेरची. माझ्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. (आमच्या माहेरची सगळीच जरा आखडू.) आणि नेमकी त्याच पहाटे मला पाळी आली.

सासूबाई चरवी घेऊन गेल्या आणि लाथ खाऊन आल्या. कंबर धरून ओट्यावर बसल्या. कमल पावडर लावून तयार होती. तिच्या तोंडावर लाथ बसली असती तर पाहुण्यांना दाखवायचं काय? उरले आमचे हे.

"आजच बसायचं हुतं व्हय बाहेर?" ह्यांनी कुडाआडून विचारलं. "पाव्हणं गेल्यावर सांजच्याला बसायचं."

"त्ये माझ्या हातात हाय व्हय?"

"मग कुणाच्या? तरी सांगत हुतो, वांगी लई खाऊ नगंस."

दोन पोरांचा बाप हा माणूस! त्याची समजूत अशी, की वांग्याची उष्णता अंगात साठते आणि महिन्याला बाहेर पडते. अर्थात मला हसायचा अधिकार नव्हता. पाळी आली की बायका 'कावळा शिवला' म्हणायच्या, आणि लहानपणापासून मला वाटायचं, खरंच कावळा येऊन शिवतो. त्यामुळं वाळवण राखायला बसवलं की मी डोक्यावर सूप धरून बसायचे. पहिल्या बाळंतपणात पौडच्या दवाखान्यात एका नर्सबाईंनी नीट सांगितलं, तेव्हा कुठं कावळ्यावरचा आळ गेला.

तेच मी ह्यांना सांगितलं. "पोटात एक पिशवी असती. पाव्हणा यायचा म्हणून आपुन घर सारवतो न्हवं? तशी ती दर म्हैन्याला आतनं लिंपून तयार व्हती. पाव्हणा आला न्हाई की ते लिंपण सुटून बाहेर येतं. मग पुन्यांदा लिंपायचं."

"पाव्हणा म्हंजी कोण?"

"तुमचं पोर."

ह्यांनी मिशी पिळली. मग म्हणाले, "म्हंजी दर म्हैन्याला माझ्या घरात सारवण चालतं, आन मला कुणी सांगत बी न्हाई."

लुगड्याची युक्ती सासूबाईंची. म्हशीला माझा वास पाहिजे होता, आणि माझं कालचं न धुतलेलं लुगडं वलणीवर होतं. "लुगडं कालचं हाय, इटाळ आजचा हाय," त्यांनी निकाल दिला. "नेस, आन पदर खाली वड. मिश्या झाक. तोंडातनं आवाज काढू नगंस, ती वळकती."

मी कुडामागून सांगत गेले, हे नेसत गेले. कासोटा असा घातला, जसं काही कुस्तीला उतरायचंय. म्हशीनं वळून हुंगलं आणि पान्हा सोडला. (मला जरा वाईटच वाटलं. माहेरची असून इतकी भोळी निघाली.)

आणि एसटी वेळेवर आली. या गोष्टीची कुणालाच सवय नव्हती. पाहुणे शेतातल्या वाटेनं आले, त्या वाटेला घराआधी गोठा लागतो.

मुलगा दारात थांबला. त्याची आई मोकळ्या स्वभावाची; ती थेट आत येऊन ह्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"तू सून व्हय गं?"

ह्यांनी मान हलवली.

"पोरं किती?"

दोन बोटं वर.

"आन आता? दिवस हायेत का?"

प्रत्येक गोष्टीला मान हलवायची, एवढंच ह्यांनी ठरवलेलं. हलवली.

"कितवा म्हैना?"

बोटं अजून वरच होती.

"दुसरा? आन म्हशीच्या पायात बसतीस? लाथ बसली मंजी? ऊठ, मी काढते धार." असं म्हणून तिनं काखेत हात घालून ह्यांना उठवलं.

पदर पडला. मिश्या बाहेर आल्या. बाईनं काखेतला हात झटकन काढला. म्हैस बिथरली, चरवीला लाथ बसली आणि सगळं दूध लुगड्यावर. आवाज ऐकून सासूबाई आणि कमल धावत आल्या. कमलच्या पावडरीवर पाण्याची रेघ. "ह्ये बी गेलं," ती हळूच म्हणाली.

मग मी कुडाला तोंड लावून बोलले. "मावशी, सून मी हाय. त्ये आमचं मालक. मला पाळी आलीया, म्हैस माझ्याबिगर दूध देत न्हाई, म्हणून त्यांनी माझं लुगडं नेसलंय. आन हितं कुणालाच दिवस न्हाईत."

पुरुषांसमोर हा शब्द तेव्हा कुणी काढत नसे. सासूबाईंनी डोळे मिटले. मुलगा छपराची कौलं बघू लागला.

त्याची आई मात्र हसत शेणातच बसली. "आमचं मालक अशा दिवशी उपाशी ऱ्हातील, पर चुलीजवळ जायाचं न्हाईत," ती म्हणाली. "हितला बाप्या लुगडं नेसतोय."

कमलनं तोंड पुसलं आणि सरळ मुलालाच विचारलं, "तुमच्याकडं अशा येळंला धार कोण काढील?"

मुलगा ह्यांच्याकडं वळला. "मेव्हणं, त्यो कासोटा कसा घातला, दावा की."

'मेव्हणं' म्हणाला म्हणजे लग्न जमलंच. पाहुण्यांनी कोरा चहा प्याला.

हे सगळं आम्हा चौघांवर गुदरलं: माझा नवरा, सासूबाई, कमल आणि मी. त्यातली दोघं आता नाहीत, आणि असं काही घडलंच नाही असं कमल नातवंडांना सांगते. राहिले मी. त्या दिवशी कुणी लाथ खाल्ली, कुणी दूध अंगावर घेतलं, कुणी लाजेनं अर्धं झालं. मी तेवढी पोत्यावर बसून होते.